गौरीच्या वाटीतलं पाणी

सिल्वासाच्या त्या चाळीत लेकीचं खाणं कावेरीइतकं मनावर घेणारी दुसरी बाई नव्हती. धुळ्याकडून ती नवऱ्यामागे आलेली. नवरा, ललित, जवळच्या गलोंडा गावी कारखान्यात जायचा. त्याचा डबा भरला की ती डाळीचं पातेलं हलू न देता बाजूला ठेवायची आणि डाळ खाली बसली की वरचं पिवळं पाणी पळीपळीने गौरीच्या वाटीत काढायची. सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, असं तिच्या आईने, कमळाबाईने सांगितलेलं. तळाचा गाळ कावेरी स्वतः भाकरीशी खायची. लेकीला लोणी आणि आपल्याला ताक, असंच तिला वाटायचं, आणि त्याचा कोण अभिमान!

गौरीला तीन वर्षं पुरी झाली तरी दीड वर्षापूर्वीचं झबलं अंगाला नीट बसत होतं. "पोरगी कपडा पुरवून वापरते हो," शेजारणी थट्टेने म्हणायच्या. कावेरीही हसायची. हसायला काय जातं!

होळीनंतर अंगणवाडीत सुमनताईंनी गौरीला भिंतीशी उभं केलं. दिवाळीला तिच्या डोक्याशी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. नवी रेघ नेमकी त्या जुन्या रेघेवरच पडली. ताईंनी पुन्हा मोजलं. मग विचारलं, "कावेरीबाई, हिला खायला काय देता?"

"सगळ्यात चांगलं देते, ताई. डाळीचं वरचं पाणी. गाळ मी खाते, तिले कधीच नाही देत."

सुमनताई रत्नागिरीकडच्या, एरवी फटकळ. आज मात्र त्यांचा आवाज खाली आला. "अहो, त्या पाण्यात काही नसतं. अंगाला लागतं ते खालीच बसतं. घट्ट वरण द्या, वर तेल घालून. वाढेल हळूहळू. पण राहिलेली उंची सगळी भरून येईल, असं नाही सांगता येत मला."

कावेरी घरी कशी पोचली, तिचं तिलाच ठाऊक. अडीच वर्षं लेकीच्या तोंडचा घास आपणच खाल्ला, तोही मायेने! कुणी वैरी असता तर त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

त्या दुपारी तिने पातेलं तळापासून ढवळलं. घट्ट वरणात भात कुस्करला, तेल सोडलं आणि ताटली गौरीपुढे सरकवली. शेजारी स्वतःसाठी भाकरी घेऊन बसली.

गौरी ताटलीकडे बघत राहिली. मग उठून कोपऱ्यातली आपली वाटी घेऊन आली. ताटलीतला वरणभात इवल्या मुठीने उचलून तिने आईच्या ताटात ठेवला.

"हे तुझं, माय," ती म्हणाली आणि रिकामी वाटी पुढे केली. "माले पाणी दे."