एक पट्टी खाली

बाईंचा एकच हट्ट होता. ज्या सभागृहात त्या वर्षानुवर्षं वाजवत आल्या, तिथल्या ऑर्गनची जी मापं, तीच घरच्या ऑर्गनला हवीत, एक सूतही इकडेतिकडे नको. सभागृह पाडलं तेव्हा बाईंनी तिथल्या ऑर्गनचे दोन कीबोर्ड आणि पायाने वाजवायच्या लांब लाकडी फळ्या उचलून घरी आणल्या. आवाजासाठी एक इलेक्ट्रॉनिक डबा घेतला. उरलं ते सगळं, म्हणजे हे सामान बसवायचा सांगाडा, वह्या ठेवायचं स्टँड आणि बसायचं बाक, मिस्त्रीच्या गळ्यात पडलं. मिस्त्रीने जन्मभर दारं आणि स्वयंपाकघरातली कपाटं केलेली. सूर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. पण मापाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

खुब्याच्या ऑपरेशननंतर बाईंचा डावा पाय आखूड पडला होता. मापाबरहुकूम केलेल्या बाकावर त्या बसल्या की डावा चवडा फळीच्या वर अधांतरी राही. बाकाच्या पायांखाली मिस्त्रीने पातळ पट्ट्या ठोकून उंची जुळवली होती. "त्यातली एकेक काढतो," तो म्हणाला. "पाय टेकेल."

"काही नको," बाई म्हणाल्या. "पाय बरा होतोय. रोज व्यायाम करते तो काय गंमत म्हणून?"

हट्टाला कारण होतं. धाकट्या भावाला त्यांनी शब्द दिला होता. रविवारी तो येणार, बाई वाजवून दाखवणार. पाय पोचला तर या घरात एकटं राहायला त्या मोकळ्या. नाही पोचला तर मुकाट्याने बॅग भरायची आणि भावाच्या दोन खोल्यांत जायचं, जिथे या धुडाला ठेवायला जागाच नव्हती. मिस्त्रीला हे सगळं माहीत होतं. हात लाकडात असले तरी कान रिकामेच असतात ना.

बाई दुपारी झोपत आणि मिस्त्रीचं काम दुपारीच चाले. त्यामुळे सूचना चिठ्ठीवर. 'कड घासा.' 'दिवा डावीकडे.' चिठ्ठी वाचायची, काम करायचं, चिठ्ठी खिशात घालायची, उगाच चौकशा करायच्या नाहीत, असा मिस्त्रीचा खाक्या. शनिवारी बाकावर चिठ्ठी होती: 'एक पट्टी खाली घ्यायची.'

मिस्त्रीला हायसं वाटलं. आल्या बाई ताळ्यावर. त्याने बाक आडवं केलं, चारही पायांखालची एकेक पट्टी काढली आणि बाक पुन्हा जागेवर ठेवलं. बाईंपाशी मात्र चकार शब्द काढला नाही. हट्टी माणूस आपणहून एक पाऊल मागे आला, तर त्याला ते बोलून दाखवू नये, एवढी रीत त्याला होती.

रविवारी भाऊ आला, बरोबर त्याची मुलगी. मिस्त्री दाराच्या कडांना पॉलिशचा शेवटचा हात मारत होता. बाई बसल्या. डावा पाय खाली गेला, फळीवर टेकला आणि खोलीभर जाड, खोल सूर भरला. बाई थांबल्या. पुन्हा दाबून पाहिलं.

"टेकला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "बघ रे, म्हटलं नव्हतं मी?"

बाई नाटक बरं करतात, मिस्त्रीला वाटलं. त्याला मनातून मजाच वाटत होती.

मग भाची गायला लागली. दोन ओळींतच तिचा आवाज फाटला. "आत्या, तू एक पट्टी खाली घेणार होतीस ना? माझा घसा बसलाय म्हणून."

"अगं हो. विसरायला नको म्हणून चिठ्ठी लिहून बाकावर ठेवली होती. कुठे गेली कोण जाणे."

चिठ्ठी मिस्त्रीच्या खिशात होती. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण तेवढ्यात बाईंनी भिंतीला टेकवलेली काठी उचलून भावाच्या हातात दिली. "ही घेऊन जा. आता मला नको."

"काठी राहू द्या, बाई," मिस्त्री म्हणाला. त्याने चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली. "मी सुतार माणूस. पट्टी म्हटलं की मला लाकडाचीच कळते. कालच काढली, बाकाखालची."

बाईंनी चिठ्ठी वाचली. मग वाकून बाकाखाली पाहिलं. मिस्त्रीला स्वतःचाच भयंकर राग आला.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "पाय पोचला तर, असं ठरलं होतं आपलं."

"मग पोचलाय की." बाईंनी पाय पुन्हा फळीवर दाबला. सूर निघाला. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. "अजून किती खाली येईल हे?"

"तीन पट्ट्या आहेत. त्या संपल्या की पाय कापावे लागतील."

"बाकाचेच ना?"

हसावं की काय करावं ते मिस्त्रीला कळेना. "बाकाचेच," तो म्हणाला.

बाईंनी भावाच्या हातातून काठी परत घेतली आणि भाचीला सूर दिला.