किनाकोचं गुलाबी पोट

किनाकोच्या पोटावरचे केस झडत चालले होते. आधी नखाएवढा चट्टा, मग सगळं पोटच गुलाबी, कोंडा धरलेलं. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठासारखा रंग म्हणून त्या हॅमस्टरचं नाव किनाको. आता तो रंग फक्त पाठीवर उरला होता.

नऊ वर्षांच्या मिफुयूचा संशय सरळ सावत्र आईवर होता. कानाए वसंतात या घरात आली आणि उन्हाळ्यात केस गळायला लागले.

"पिंजरा कशाने धुता, कानाएसान?"

"गरम पाण्याने."

"नुसत्या?"

"वास घेऊन बघ."

मिफुयूने खरंच पिंजऱ्याला नाक लावलं. हिनोकीच्या लाकडाशिवाय कसलाच वास नव्हता. तिच्या सख्ख्या आईचे वडील किसोच्या खोऱ्यात हिनोकीचे अंघोळीचे टब बनवत. रंध्याखालून निघणाऱ्या कागदासारख्या पातळ ढलप्या ते दर महिन्याला पिशवीभर किनाकोच्या पिंजऱ्यात अंथरायला आणत. आई गेल्यावर आईकडचं तेवढंच माणूस उरलं होतं.

कानाएलाही संशय होताच. पोरगी किनाकोला चोरून शाम्पूने न्हाऊ घालत असणार. तिने बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी चिकटपट्टीने कातडीचा नमुना उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "खरजेचे किडे नाहीत. खाली काय अंथरता?"

"हिनोकी," कानाए म्हणाली.

"त्याचा उग्र वासच बाधत असेल. कागद अंथरून बघा."

बसमध्ये मिफुयू खिडकीकडे तोंड करून बसली. "तुम्ही आजोबांचं नाव सांगितलंत."

"मी लाकडाचं नाव सांगितलं."

"एकच ते."

"मग पडताळून बघू. कागद तू अंथर, पिंजरा तू धू. मी हात लावणार नाही."

"कशावरून?"

घरी येताच मिफुयूने कोणी उघडलं तर कळावं म्हणून पिंजऱ्याच्या दारावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सहीऐवजी वापरतात तो घरचा शिक्का उमटवला. शाळेतून आली की दप्तर उतरवण्याआधी ती शिक्का बघायची. कानाए स्वयंपाकघरातून तिला बघायची.

महिना सरता सरता गुलाबी पोटावर लव आली. मिफुयूने ती बोटाने चाचपली आणि पिंजऱ्यात पुन्हा कागदच अंथरला.

रविवारी आजोबा नवी पिशवी घेऊन आले. "देवळं बांधायला लागतं ते लाकूड आहे बरं. काय, आवडतो ना त्याला वास?"

"खूप," मिफुयू म्हणाली, आणि कानाएकडे रोखून बघत राहिली.

कानाएने दोन्ही हातांनी पिशवी घेतली. "आजोबा, या खेपेला थोड्या ढलप्या आमच्या अंघोळीच्या पाण्यात टाकू का? फडक्यात बांधून?"

"टाका की. विचारायचं काय त्यात."

कानाए चहा करायला आत गेली, तशी मिफुयू मागोमाग आली. "त्यांना कधीच सांगणार नाही?"

"तू सांगेपर्यंत नाही."

मिफुयूने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"बघू," ती म्हणाली, आणि कप मांडायला लागली.