एका आठवड्याचं तापमान

गार करणं हा माझा धंदा. एसी, फ्रीज, औषधांची शीतगृहं, फुलं ठेवायच्या थंड खोल्या. सव्वीस वर्षं हेच करतोय. कुठल्याही पत्र्यावर नुसता तळहात ठेवून मी तापमान सांगतो आणि ते दोन अंशांच्या वर चुकत नाही. ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवायचो. अलीकडे ऐकवत नाही, त्याचं कारण सांगतो.

एके दिवशी बाबांचा फोन आला. ते दादाकडे राहतात. घरात दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण तिला अजून सगळे ठकीच म्हणतात. बाबा म्हणाले, ठकीचा तो खेळायचा कॉम्प्युटर फार तापतो, मिक्सरसारखा ओरडतो, तू एकदा बघ, तुझ्यातलंच काम आहे. याआधी बाबांनी माझ्या कामाला काम म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या लेखी काम एकच, बस चालवणं. ते त्यांनी एकतीस वर्षं केलं आणि गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. फोन ठेवला तेव्हा मी हवेतच होतो. ठकी दिवसभर कॉलेजात, संध्याकाळी दार लावून तासभर खेळणारी. तिचं यंत्र तापतं हे बाबांना कुठून कळलं, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

शनिवारी दुपारी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. कॉम्प्युटर कंपनीनेच जुळवून विकलेला होता. काचेच्या बाजूतून सात रंगांचे दिवे दिसत होते आणि आत प्रोसेसरवर, म्हणजे सगळी उष्णता जिथे होते तिथे, बशीएवढा कूलर बसवलेला. त्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी. खेळ लावून पाहिला तर पाच मिनिटांत शहाण्णव अंश. मी ठकीला म्हणालो, हे म्हणजे लग्नाचा मांडव घालून वऱ्हाडाला ग्लासभर पाणी देण्यासारखं आहे. ती हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बंद किती वेळ ठेवावं लागेल?"

मी म्हटलं, दोन तास, फार तर. त्यावर त्यांनी आणखी विचारलं की आत जे साठवलेलं असतं ते जसंच्या तसं राहील ना. मला वाटलं, नातीची काळजी.

दोन तासांचे आठ दिवस झाले. मी ऐटीत आणलेला मोठा कूलर बसला, पण काच लागेना, बोटभर उंच पडत होता. मापं घ्यायला मी विसरलो होतो. मी, जो हाताखालच्या पोरांना माप न घेतल्याबद्दल शिव्या घालतो. खापर कंपनीवर फोडलं, कूलर परत केला आणि पुढच्या शनिवारी बुटका आणला. मग रीतसर काम केलं. यंत्र थोडं चालवून प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली, उष्णता पोचवणारी वाळलेली पेस्ट मऊ केली, जुना कूलर न ओढता हलक्या हाताने पिळून सोडवला, खाली चिकटलेला राखाडी थर पुसून काढला, वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली आणि चारही स्क्रू समोरासमोरचे एकाआड एक आवळले. एवढा वेळ बाबा माझ्या खांद्यावरून टॉर्च धरून उभे होते. मी ज्या स्क्रूकडे वळायचो तिकडे उजेड आधीच पोचलेला असायचा. पंखा फिरला तेव्हा आवाज जवळजवळ नव्हताच. बाबांनी काचेला कान लावला आणि म्हणाले, "इंजिन सुधारलं."

या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. एरवी काम संपल्यावर चहा पिऊन घरी गेलो असतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. थंड खोली बांधून दिली की आठवडाभर आत तापमानाची नोंद ठेवायची आणि मग त्या आठवड्याचा आलेख कागदावर काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. आलेखावरून काम कसं झालं ते कळतं, आणि दुसरंही बरंच कळतं. दुपारी एक वाजता रेघ वर गेली असेल तर रखवालदाराने जेवायला जाताना दार उघडं टाकलेलं असतं. असे कितीतरी रखवालदार मी मालकासमोर पकडून दिलेत. त्यात मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. तर ठकीच्या कॉम्प्युटरमध्येही मी दर मिनिटाला तापमान टिपून ठेवणारा एक प्रोग्रॅम टाकला आणि सांगितलं, नोंद चालू आहे तोवर हा बंद करू नका, पुढच्या रविवारी जेवायला येतो, तेव्हा कामाचा पुरावाच दाखवतो. बाबा त्या वेळी आत हात धूत होते.

रविवारी सकाळी आलो, त्या नोंदींचा आलेख काढून घेतला, कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या रंगीत कागदावर छापून आणला आणि जेवणं होत आल्यावर टेबलावर पसरला. आलेख मी आधी नीट पाहिलाही नव्हता. सगळ्यांसमोर उलगडायचा होता ना.

"सत्तरच्या वर एकदाही नाही," मी म्हणालो. "आधी किती होतं? शहाण्णव."

दादाने मान डोलावली. वहिनींनी कौतुक केलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण माझी नजर त्या रेघेवर गेली आणि माझ्यातला रखवालदार पकडणारा जागा झाला. रोज संध्याकाळी एक छोटा उंचवटा होता, तो ठकीचा. पण सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी रेघ सरळ वर चढत होती आणि पाऊण वाजता खाली येत होती. पाचही दिवस. घड्याळ लावून घ्यावं अशी.

मी बोट ठेवून मोठ्याने म्हणालो, "आणि हे काय ठकूताई? कॉलेज घरूनच चालू आहे वाटतं."

ठकीला आधी कळलंच नाही. दादाला कळलं. तो आणि वहिनी नऊलाच कामाला बाहेर पडतात. बाबांचं म्हणाल तर ते रोज दहाला वाचनालयात जातात आणि एकला येतात, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. गेल्या वर्षी सिग्नलला घरची गाडी उभी असताना बाबा स्टीअरिंगवर कोसळले. छातीत पेसमेकर बसवला, डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली आणि दादाने ती विकून टाकली. मग बाबांनी हे वाचनालयात जाणं सुरू केलं. किती समजूतदारपणे घेतलं त्यांनी, असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. म्हणजे सकाळी घर रिकामं, आणि उरली ठकी.

दादाने तिला हजेरीबद्दल विचारलं. ती म्हणाली, मी रोज जाते. दादाने पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून. तिचे डोळे भरले. ती माझ्याकडे बघत होती, काका काहीतरी बोलेल म्हणून. आणि काका काय बोलला? काका म्हणाला, "आलेख खोटं बोलत नाही बाई."

"मी असतो," बाबा म्हणाले.

त्यांनी घास ताटात परत ठेवला होता. दादाने विचारलं, तुम्ही त्याच्यावर काय करता? बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "बस चालवतो."

पहिला मी हसलो.

हे मला लिहायलाच हवं, कारण नंतर दादाही हसला, वहिनीही पदरात तोंड लपवून हसल्या, आणि पुढे विषय निघाला की कोण आधी हसलं हे कोणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. माझ्या लक्षात आहे. माझं हसू साधं नव्हतं, चांगलं खो खो होतं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, नातीच्या खुर्चीत बसून, खोटी बस. मी विचारलंसुद्धा, तिकीट कोण फाडतं? दादा म्हणाला, आणि ते वाचनालय? वहिनी म्हणाल्या, अहो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, बसायला नाही. बाबा सगळ्यांना उत्तरं देत होते. हो. नाही. चुकलं. शाळेत उभं केलेल्या मुलासारखी.

ठकी उठून आत गेली होती. ती दारात आली आणि म्हणाली, वर्षभरापूर्वी तिनेच त्यांना तो बसचा खेळ दाखवला होता, दहा मिनिटं, आणि विसरून गेली होती. मग तिने हातातल्या फोनवर काढून आणलेला खेळाच्या पडद्याचा फोटो वाचला. "चालक क्रमांक चारशे सतरा. पाचशे अकरा तास. अपघात शून्य. उशीर शून्य."

चारशे सतरा हा बाबांच्या बिल्ल्याचा नंबर. लहानपणी तो बिल्ला मी पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून त्यांच्या खिशाला लावून द्यायचो. टेबलावरचं हसणं थांबलं, पण बाबा ते ऐकायला तिथे नव्हते. ताट विसळून ठेवून ते आपल्या खोलीत गेले होते. आलेखावर कोणाच्या तरी वाटीतलं कालवण सांडलं होतं आणि मी ते कागदाने टिपत बसलो. लाजेने कानशिलं इतकी तापली होती की अंश सांगायला तळहात लागला नसता.

पुढच्या रविवारी ठकीने फोनवर नवा आलेख पाठवला. खाली लिहिलं होतं, "काका, कूलर मस्त चाललाय." मी उघडून पाहिला. संध्याकाळचे छोटे उंचवटे होते. सकाळची रेघ सोमवारपासून शुक्रवारपर्यंत चौतीस अंशांवर सरळ, जमिनीवर दोरी टाकावी तशी. मुलीने टोमणा मारला होता की खरंच कळवलं होतं, मला आजही माहीत नाही. विचारायची छाती झाली नाही.

मंगळवारी काम टाकून सकाळी दहाला दादाकडे गेलो. वाटेत मोठ्या दुकानातून खेळायचं स्टीअरिंग घेतलं, खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची पेडलं असलेलं. आपण केलेली घाण विकत आणलेल्या वस्तूने पुसता येते, असं अजून मला वाटत होतं. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. पुढ्यात वर्तमानपत्र, घडी न मोडलेलं. मी खोकं टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वरून वाचलं, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने.

"छान आहे," ते म्हणाले. "ठकीला दे."

"तुमच्यासाठी आणलंय, बाबा. मी त्या दिवशी हसायला नको होतं. माझं चुकलं."

"हसलास त्याचं काही नाही रे." ते रागावलेले नव्हते, तेच मला सोसत नव्हतं. "दहा-दहाची गाडी घेऊन निघायचो मी. पाऊस असला तर हळू. म्हातारी माणसं चढली की ती बसेपर्यंत थांबायचो. तुम्हाला कळेपर्यंत मी बस चालवत होतो. आता तो खेळ झाला."

दुसऱ्यांची दारं उघडी राहिली की मी कागद घेऊन मालकाकडे धावतो. इथे बंद असलेलं दार मीच उघडलं होतं, आणि आतला माणूस बापच होता. ज्याने मला विश्वासाने बोलावलं, टॉर्च धरला, माझ्या कामाला पहिल्यांदा काम म्हटलं. त्याला ते यंत्र गार हवं होतं कारण त्याला गाडी चालवायची होती, आणि हे त्याने मला त्याच्या परीने सांगितलंही होतं.

मी ठकीच्या खोलीत गेलो आणि चालू कॉम्प्युटरवरून तो नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम काढून टाकला. जुन्या नोंदीही पुसल्या. स्टीअरिंगचं खोकं तिच्या कपाटामागे उभं केलं. बाहेर येऊन सांगितलं, "बाबा, आता कोणालाच काही कळणार नाही. मलाही नाही." त्यांनी मान हलवली आणि वर्तमानपत्राची घडी मोडली. हो की नाही, ते त्यात नव्हतं.

दादाला आणि वहिनींना मी फोन करून सांगितलं की वाचनालयाचा विषय पुन्हा काढायचा नाही. दादा म्हणाला, तूच तर काढला होतास. बरोबर होतं त्याचं.

त्याला चार महिने झाले. परवा त्या बाजूला एका औषधाच्या दुकानाचा फ्रीज दुरुस्त केला आणि जाताना दादाकडे डोकावलो. दुपारचा एक वाजला होता. दार बाबांनी उघडलं. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. म्हणाले, आत्ताच वाचनालयातून आलो, बस, पाणी देतो. ते स्वयंपाकघरात गेले. ठकीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि कॉम्प्युटरचं ते काचेचं खोकं, दिवे बंद, माझ्यापासून दोन पावलांवर होतं. वरच्या पत्र्यावर तळहात टेकवला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. माझा हात उचललाही गेला.

तो मी खिशात घातला आणि बाबा पाणी घेऊन येईपर्यंत बाहेर काढला नाही. मग विचारलं, काय म्हणतंय वाचनालय? बाबा म्हणाले, आज गर्दी होती.