सात नंबरच्या वाट्याचं मिठाचं पाणी

बोलतोय तो सात नंबरचा उंदीर. प्रयोगशाळेतला, पांढरा, लाल डोळ्यांचा. शेजारच्या पिंजऱ्यात आठ नंबर राहायचा. माझा सख्खा भाऊ. त्याचं नाव निघालं की अजून माझ्या मिशा थरथरतात.

आमच्या मॅडमना एकच गोष्ट बघायची होती. भुलीचं औषध नुसतं झोपवतं, की दुखावलेली नस वाचवतंही? म्हणून आम्हा दोघांना गॅसने झोपवून उजव्या मागच्या पायाची नस चिमट्यात दाबली. जाग आली तर पाय ओल्या फडक्यासारखा लोंबतोय.

मग रोज सुई. आठ्याला भुलीचं औषध, मला मिठाचं पाणी. तुलनेला कुणीतरी लंगडं राहायला हवं ना! तो सासरी आलेल्या जावयासारखा दुपारभर लोळायचा. मी टक्क जागा.

"जळतोस का रे?" एकदा त्याने जांभई देत विचारलं.

"मी? छे!" म्हणालो, आणि जाळीतून आलेल्या त्याच्या शेपटीला चावलो.

चौदाव्या दिवशी परीक्षा. अरुंद लाकडी पट्टीवरून चालायचं. आठ्या तुरुतुरु गेला. मॅडमनी टाळी वाजवली. ती टाळी माझ्या डोक्यात गेली. मी दातओठ खात निघालो, आणि एकदाही न घसरता त्याच्यापेक्षा लवकर पोचलो.

मॅडमचा चेहरा उतरला. "मामा, नस दाबली त्या दिवशी याला गॅस किती वेळ दिलात?"

पिंजरे सांभाळणारे मामा डोकं खाजवत म्हणाले, "दहाच मिनिटं. तुम्ही हात धुवायला गेलात आणि घरून फोन आला. आमची ही एकदा सुरू झाली की..."

"मामा, किती?"

"दीड तास."

गॅस म्हणजे भूलच की! ज्यासाठी चौदा दिवस जळलो, ते मी पहिल्याच दिवशी पोटभर हुंगलं होतं.

मॅडमनी वहीत माझ्यावर काट मारली. बाद उंदीर मामांनी घरी नेला. आता मी बुटाच्या खोक्यात राहतो. फोनवाली मामी रोज बिस्किट देते आणि तासभर बोलते.

आठ्याच्या नसेचे मात्र पातळ काप करून काचेवर बसवले. डॉक्टरांच्या परिषदेत मोठ्या पडद्यावर दाखवले म्हणे, गुलाबी रंगात. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्या लोकांपैकी कुणी भेटलं तर एवढंच सांगा, पट्टीवर मी जास्त जोरात पळालो होतो.

खोक्याला मामांनी हवेसाठी भोकं पाडलीत. त्यातून कुणाची शेपटी आत येते का, मी रोज बघतो.