साडूंचा अखंड पेन

माझे साडू स्वतःला लाकडातला माणूस म्हणवतात. डोक्यापासून सुरुवात केली तर मलाही ते पटतं.

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर लेथवर लाकूड गरगर फिरवत, कातून पेन घडवले. हात थरथरायला लागले तेव्हा ते साडूंना म्हणाले, "मागच्या खोलीतलं लेथ तुमचं. पण आधी त्या कोपऱ्यातल्या गाठाळ मुळातून एक अखंड पेन काढून दाखवा." साडूंनी दुकानाची पाटी आधीच रंगवून घेतली. राहिलं फक्त लेथ, आणि अक्कल.

ते मूळ म्हणजे महातापट. कोणी शिंकलं की तडकायचं. एकदा मेहुणीने शेजारच्या खोलीतून नुसतं "अहो" म्हटलं, तर वीतभर तुकडा उभा फाटला. खोटं वाटत असेल तर तिला विचारा, तीही माझ्याइतकंच खरं बोलते. तेव्हापासून त्या घरात सगळे खुणांनी बोलायला लागले. लाकूड मऊ पांघरुणात पलंगावर आणि मेहुणी बाहेर सतरंजीवर. लाकडाला मिळाली तेवढी ऊब बिचारीला लग्नानंतर कधी मिळाली नव्हती.

साडू रिफीलसाठी भोक पाडताना ड्रिल असं दाबायचे की लाकडातून धूर निघायचा. मग तुकडा तडकला की दोष लाकडाला.

"ह्या लाकडावर संस्कारच नाहीत," ते म्हणायचे.

"अहो, बाबा ड्रिल सारखं बाहेर काढून गार होऊ द्यायचे," मेहुणी कुजबुजायची.

"तुझ्या बाबांना वेळ होता. मला कीर्ती मिळवायचीय."

शेवटचा तुकडा कसाबसा जमला. गोल झाला, चकाकला, आत रिफील बसली. आणि सासऱ्यांकडे निघता निघता टिचकीसारखा आवाज करून त्याने लांबलचक तडा दाखवला. साडूंनी तड्यात भुसा दाबला, वर झटक्यात चिकटणारा गोंद ओतला आणि अंगठ्याने गच्च धरलं. गोंदाने काम चोख केलं. तडा चिकटला, अंगठाही चिकटला.

तसेच गेले, मागोमाग मेहुणी आणि मी. काय करणार, पाटी रंगवलेली!

"आणा बघू इकडे," सासरे म्हणाले.

"लांबूनच बघा ना बाबा. जवळून डोळे दिपतील."

"वजन बघू द्या."

"हलका आहे. मी सांगतो ना."

"मग टेबलावर ठेवा."

"टेबल गार आहे. त्याला बाधेल."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यांना काय झालंय हो?"

"जीव जडलाय," मी म्हटलं. "अगदी कातडीपर्यंत."

मेहुणीचा संयम संपला. "माझ्या बाबांना खेळवता होय? द्या इकडे!" तिने पेन धरून हिसडा दिला. साडू असे किंचाळले की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. पेन उभा दुभंगला. अर्धा तिच्या मुठीत, अर्धा साडूंच्या अंगठ्यावर, आणि मध्ये रिफील लोंबकळत.

सासऱ्यांनी लेकीच्या हातातला तुकडा नखाने खरवडला. "गोंद," ते थुंकल्यासारखे म्हणाले. मग तिला म्हणाले, "लेथ तू ने. ह्यांना त्याच्यावरची धूळ पुसायला लाव. कोरड्या फडक्याने. पाण्याचाही भरवसा नाही ह्यांच्या हातात."

साडूंनी अंगठा उजेडात धरून नीट न्याहाळला. "तुम्हाला कळत नाही," ते म्हणाले, "पण अंगात घालायचा पेन अजून कोणीच काढलेला नाही."