एक नंबरची बॅग

माझं घर माझ्या नाकावर चालतं. दुधाच्या कारखान्यात टँकर आला की झाकण उघडून पहिला वास मी घेतो. दूध नासायच्या बेतात आहे का, टाकी नीट धुतली आहे का, हे मी यंत्राच्या आधी सांगतो. या परक्या देशात मला नोकरी मिळाली ती त्याच जोरावर. घरी मात्र हे नाक म्हणजे शिक्षा आहे. फ्रिजमधली शिळी भाजी, शेजाऱ्याचा भिजलेला कुत्रा, जिन्यात काढून ठेवलेले बूट, सगळं थेट डोक्यात जातं.

आणि माझ्या लेकीने निवडावं काय, तर हॉकीतली गोलकीपरची जागा!

बाकीच्या मुली एक स्टिक आणि बूट घेऊन खेळायला जातात. गोलकीपर गादीचं दुकान अंगावर चढवते. पायांना फोमचे जाड पॅड, छातीला कवच, हातांत उशीएवढे हातमोजे, डोक्यावर जाळीचं हेल्मेट. ती त्यात घाम गाळते आणि फोम तो घाम पितो. हा फोम म्हणे धुवायचा नसतो, नुसता वाळवायचा. हे सगळं सामान एका काळ्या बॅगेत राहतं आणि ती बॅग आमच्या गॅलरीत. तिच्याजवळून जाताना मी श्वास रोखून धरतो.

यंदा संघ शेजारच्या देशात स्पर्धेला निघाला. मुली आणि प्रशिक्षकबाई आदल्या दिवशीच छोट्या बसने गेल्या. त्या बसमध्ये हे धूड मावत नाही, म्हणून क्लबचा नियम असा की गोलकीपरचं सामान तिच्या पालकांनी न्यायचं. दरवेळी बायको नेते. यावेळी तिला रजा मिळाली नाही.

"एकदा नेलीस तर नाक गळून नाही पडणार," ती म्हणाली.

निघताना लेक दारातून ओरडली, "बाबा, पहिलाच सामना हरलो तर सरळ घरी. आणि संघात दुसरी गोलकीपर नाहीये. बॅग वेळेवर आण हं!"

त्या दोघी बाहेर पडल्या आणि मी बाह्या वर केल्या. ही घाण मांडीला लावून मी प्रवास करणार नव्हतो. टबमध्ये गरम पाणी भरलं, साबण ओतला, फिनेल ओतलं आणि सगळं आत बुडवलं. पाणी आधी चहासारखं झालं, मग गटारासारखं. केसांचे पुंजके वर आले. चिकटपट्टीचे तुकडे आले. हातमोज्यातून एक काळपट, लिबलिबीत गोळा निघाला, जो कधीकाळी केळं असावा. मला दोनदा ओकारी आली. बॅगही आतून-बाहेरून घासली, त्यात तिच्यावर चिकटवलेली नावाची चिठ्ठी धुऊन गेली. मग हेअर ड्रायर घेऊन बसलो. वरवर तरी सगळं सुकलं. बॅगेला दवाखान्यातल्या नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास येऊ लागला आणि मी स्वतःवरच खूश झालो.

विमानात शेजारच्या गृहस्थाने बसल्या बसल्या मोजे काढले आणि अंगठ्याने दुसऱ्या पायाची टाच खाजवायला घेतली. समोरच्या सीटच्या खिशात कुणाचा तरी वापरलेला रुमाल होता. तो मला हात घातल्यावर कळला. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं, वाफ नाकात गेली आणि मी ते परत लावलं. एकूण प्रवासात मी फक्त पाणी प्यायलो, तेही बाटलीचं तोंड पुसून.

उतरल्यावर मोठ्या सामानाच्या पट्ट्यापाशी जाऊन उभा राहिलो. लेकीच्या बॅगेवर पांढऱ्या रंगात भलामोठा एकचा आकडा रंगवलेला आहे, एवढं मला माहीत होतं. काळी बॅग आली, वर पांढरा एक होता. मी ती ओढली. विमान कंपनीची चिठ्ठी बघायला हवी होती, पण त्यासाठी तिच्यावर वाकावं लागलं असतं. सवयीने श्वास रोखला आणि चालू लागलो.

बसमध्ये बॅग ठेवायचा कप्पा भरलेला होता, म्हणून ती माझ्याबरोबर आत आली. खिडक्या बंद, हीटर चालू. थोड्याच वेळात बॅग तापली आणि वास सुटला. साधासुधा नव्हे. कुजलेला कांदा, ओली लोकर आणि मेलेला उंदीर एकत्र शिजत ठेवावा तसा. एवढं धुतलं, एवढं फिनेल ओतलं, तरी वास परत वर आला? लेकीचा घाम आहे की ॲसिड? मला तिचाच राग आला. पुढच्या सीटवरच्या बाईंनी नाकाला स्कार्फ लावला. एक म्हातारा उठून मागे गेला. शेवटी चालकाने गाडी थांबवली आणि मला विचारलं, "आत काय आहे?"

"मुलीचं खेळायचं सामान."

"उघडून दाखवा."

मी चेन जेमतेम बोटभर उघडली. तो मागे सरला आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "उतरा."

उरलेली वाट मी ती बॅग ओढत चाललो. भुरभुर पाऊस होता. बॅगेचं एक चाक निखळलं, म्हणून ती पाठीवर घ्यावी लागली. तिच्यातून काहीतरी ओलं झिरपून माझ्या मानेवर उतरत होतं. ते पावसाचं पाणी आहे, असं मी स्वतःला बजावत राहिलो. मैदानाच्या अलीकडे शेणात पाय गेला. तेव्हा मी या खेळाला, तो शोधून काढणाऱ्याला आणि क्लबच्या नियमांना आपल्या भाषेत मोठमोठ्याने शिव्या घातल्या. तिथे समजणारं कुणी नव्हतं, हे एक बरं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर लेक वाट बघत उभी होती. डोळे रडवेले झाले होते. "आलास! आता पाच-दहा मिनिटांत सुरू होईल." तिने बॅग आडवी केली, चेन सर्रकन ओढली आणि थांबली.

"बाबा, हे माझं नाही."

"असं कसं? वर एक लिहिलंय."

"सगळ्याच गोलकीपर एक लिहितात!" ती हेल्मेट उलटंपालटं करत म्हणाली. "हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. बाबा, वासावरून नाही का कळलं? तुला तर सगळं वासावरून कळतं."

कोणत्या टँकरमधलं दूध कोणत्या गोठ्यातलं, हे डोळे मिटून सांगणारा मी. "मला वाटलं, वास परत आला," मी म्हणालो. "मी धुतलं होतं सगळं."

"धुतलं?" तिने दोन्ही हात डोक्याला लावले. "पॅड? पॅड धुतलेस?"

प्रशिक्षकबाई फोन घेऊन धावत आल्या. त्याच विमानाने आलेल्या, दुसऱ्या संघातल्या एका मुलीच्या वडिलांकडे आमची बॅग गेली होती. ते निघाले होते, पण पोहोचायला वेळ लागणार होता. तोवर काय ते ठरवा, बाई म्हणाल्या. लेकीने ठरवायला वेळ घेतला नाही. तिने त्या परक्या बॅगेतले पॅड बाहेर काढले आणि पाय पुढे केला. "पट्टे आवळ, बाबा. मागच्यांना माझा हात पोचत नाही."

मी गुडघे टेकून बसलो. अस्तर ओलं आणि गार होतं, आणि बोटांना चिकटत होतं. पट्ट्यात कुणाचे तरी सोनेरी केस अडकले होते. हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्टीवर पिवळट थर साचला होता, आणि माझ्या पोरीने ती पट्टी स्वतःच्या हनुवटीला लावली. मी बाजूला जाऊन कचऱ्याच्या डब्यात ओकलो. वळून पाहिलं तर ती मैदानाकडे निघूनही गेली होती.

मध्यंतराला ते दुसरे वडील आले. दांडगा, घामाघूम माणूस. आमची बॅग त्याने माझ्यासमोर आदळली. "उघडली आणि फिनेलचा भपकारा आला," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "लगेच कळलं, माझ्या मुलीची नाही." मी पॅड बाहेर काढले. फोम पाणी पिऊन फुगला होता. दाबला की बोटांमधून फेस यायचा. एक पॅड उचलायला दोन हात लागत होते. त्याने ते बघितलं आणि हात झटकला. "राहू द्या, आमचंच वापरू द्या तिला. आमचा सामना उद्या आहे."

आम्ही एका गोलने जिंकलो. शेवटी शेवटी लेक चिखलात आडवी पडली आणि पायाने चेंडू बाहेर काढला. सगळ्या मुली तिच्यावर जाऊन कोसळल्या. मग त्या आपापल्या आईबापांकडे धावल्या. आजूबाजूला लोक चिखलाने लडबडलेल्या पोरींना कवटाळत होते, कुणाचे कोट खराब झाले, कुणाच्या चष्म्याला चिखल लागला. ते दृश्य किळसवाणं होतं. एका बाईने तर मुलीच्या ओल्या केसांत तोंड खुपसलं.

माझीही धावत आली. हेल्मेट काखेत, तोंडभर हसू. मी हात पुढे केले. आणि ती माझ्यापासून चांगली हातभर लांब, करकचून ब्रेक लावल्यासारखी थांबली.

"बघितलास ना शेवटचा?"

"बघितला. ये."

"नको, थांब. वास येतोय मला. आधी अंघोळ करते." ती हे अगदी सहज म्हणाली, पथ्यावरच्या माणसाला समजवावं तशी. "तू तिकडे वाऱ्याच्या बाजूला बस ना बाबा. येतेच मी."

"अगं, ये म्हटलं ना!"

पण ती खोलीकडे पळत सुटली होती.