मागच्या कप्प्यातली बाटली

मी एक जुना फ्रिज आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला माझी लाज वाटते. तरीही ऐका.

या घरात आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. शेजारीपाजारी मला बघायला आले होते. घरात माणसं चारच: आई, बाबा, त्यांची मुलगी बारकी आणि आईची थोरली बहीण, म्हणजे बारकीची मावशी. मावशी खिडकीपाशी मशीनवर कपडे शिवते. तिला मधुमेह आहे. तिच्या इन्सुलिनची इवलीशी बाटली माझ्याकडे असते. माझ्याकडे तेवढंच एक काम खरं जोखमीचं होतं.

घरातली माणसं अन्नाला जपणारी. उरलेलं टाकायला कुणाचा जीव होत नसे. मूठभर भात, अर्धी काकडी, तळाशी राहिलेलं सूप, सगळं झाकण लावून माझ्या पोटात जायचं. "फ्रिजमध्ये ठेवलंय ना, मग वाया कुठे गेलं?" असं आई म्हणायची. आठवड्याने तोच डबा उघडून नाक दाबायची आणि कचऱ्यात उपडा करायची. म्हणजे टाकायचं ते टाकलंच, फक्त आठ दिवस वीज जाळून, गार करून टाकलं. आणि मी मूर्ख, माझ्याइतका भरलेला फ्रिज आख्ख्या गल्लीत नाही म्हणून फुशारत होतो.

डबे इतके झाले की माझं दार धड लागेना. दाराचं रबर कोपऱ्यात फाटलं. बाहेरची ऊब आत येऊ लागली आणि माझी मोटर दिवसभर घरघरत राहिली.

"अहो, रबर तेवढं बदलून घ्या," मावशी बाबांना म्हणाली.

"बघू ताई, पुढच्या आठवड्यात," म्हणत बाबांनी माझं थंडाव्याचं बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं. पुढचा आठवडा काही उजाडला नाही.

मग माझी गत अशी झाली, की दाराशी कोमट आणि मागच्या भिंतीवर बर्फाचा थर. त्यात एक दिवस आईने घाईघाईत गरम पातेलंच आत सारलं. जागा व्हावी म्हणून बाकीचं मागे ढकललं. मावशीची नवी, न उघडलेली बाटलीही खोक्यासकट मागे गेली, भिंतीला टेकली आणि गोठली. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही भरवशाचं राहत नाही. मला सगळं दिसत होतं. पण घरघर सोडून मला दुसरी भाषा येत नाही, आणि घरघर तर मी महिनोन्महिने उगाचच करत होतो. माझ्याकडे कोण लक्ष देणार?

चार दिवसांनी मावशीची जुनी बाटली संपली. त्या दुपारी बराच वेळ वीज नव्हती, त्यामुळे बाटलीतलं गोठलेलं औषध वितळलं होतं. तिने नवी बाटली शोधून काढली, पदराने पुसली आणि वापरायला घेतली. त्यानंतर पाचव्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या तिला भोवळ आली. दवाखान्यात नेलं. साखर भलतीच वाढली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषध कुठे ठेवता?"

आईने घरी येऊन मला रिकामं केलं. मागच्या भिंतीवरच्या बर्फात बाटलीच्या खोक्याचा कागद अडकलेला होता. तो बघून ती तिथेच खाली बसली. मला वाटलं, आता भंगारात गेलो तर बरं.

नऊ दिवसांनी मावशी घरी आली. म्हणाली, "त्याला कशाला बोल लावता? आपण दिलं ते त्याने ठेवलं." ते शब्द मला जास्तच लागले.

बाबांनी त्याच दिवशी रबर बदललं. दारात कागदाची चिठ्ठी धरून दार लावलं आणि ती ओढून पाहिली. हलली नाही. बटण मधल्या आकड्यावर आलं. पातेलं आता ओट्यावर निवतं, मगच आत येतं. पुढच्या कप्प्यावर बारकीने लिहून चिकटवलंय, "आधी हे संपवा." मी मधूनमधून गप्पही बसतो. परवा दार जरा उघडं राहिलं, तर बारकी आतल्या खोलीतून म्हणाली, "आई, हा इतका का घरघरतोय?" आणि येऊन दार लावून गेली.

मित्रांनो, आज तुमच्या घरच्या फ्रिजच्या मागच्या कप्प्यात एकदा हात घालून बघा. त्याला सांगता येणार नाही.

बाटली आता दारातल्या कप्प्यात, समोरच असते. पण मावशी ती घेताना दर वेळी माझ्या दिव्यासमोर धरून निरखून बघते. पूर्वी ती अशी बघत नसे.